अवकाशविमानाच्या पिसाची कुळकथा

अवकाशविमानांबद्दल बोलताना बहुतेक जण इंजिनाचं कौतुक करतात. माझ्या लेखी या गोष्टीचा खरा मानकरी शेपटीची बिजागरी आहे. अवकाशाच्या वेशीपर्यंत पोचणारं रॉकेट 1944 सालीच तयार होतं. पंख असलेलं यान तिथून धड खाली कसं आणायचं, हा प्रश्न मात्र पुढे कितीतरी वर्षं छळत राहिला.

अमेरिकेचं एक्स-15 हे रॉकेट-विमान 1959 ते 1968 या काळात 199 वेळा उडालं. बी-52 विमानाच्या पंखाखाली लटकून ते वर जायचं आणि सुटल्यावर स्वतःचं रॉकेट पेटवायचं. 22 ऑगस्ट 1963 रोजी जो वॉकर यांनी ते जवळजवळ 108 किलोमीटरवर नेलं. इतक्या उंचीवर हवा नसल्यातच जमा, त्यामुळे सुकाणू काही कामाचं नसतं. वायूचे छोटे झोत सोडून नाक सरळ ठेवावं लागतं. परतताना हवा भराभर दाट होत जाते आणि तेव्हा नाक तिरकं असेल तर सावरायला फुरसत मिळत नाही. 15 नोव्हेंबर 1967 रोजी मायकेल अ‍ॅडम्स यांचं विमान असंच आडवं वळत गेलं आणि ध्वनीच्या पाचपट वेगात गिरक्या घेऊ लागलं. गिरकी सुटली, पण नियंत्रणयंत्रणेच्या हेलकाव्यांनी विमानाचे तुकडे झाले आणि अ‍ॅडम्स मृत्युमुखी पडले.

या पेचाचं उत्तर मॉडेल विमानांच्या हौशी लोकांकडे आधीपासून होतं. मोकळं सोडलेलं मॉडेल गरम हवेच्या झोतात सापडलं की वर वर जात दिसेनासं होई. म्हणून शेपटीच्या रबरात सावकाश जळणारी वात अडकवून ठेवत. वात रबरापर्यंत पोचली की रबर तुटे, शेपटी ताडकन वर उचलली जाई आणि मॉडेल पोटावर आडवं राहून हळूहळू खाली येई. कॅलिफोर्नियातल्या दिनूबा गावात लहानाचे मोठे झालेले बर्ट रुटान पोरवयापासून अशाच मॉडेलांत रमलेले होते.

1996 मध्ये एक कोटी डॉलरचं एक बक्षीस जाहीर झालं. सरकारी पैसा न घेता, तीन माणसं मावतील असं एकच यान दोन आठवड्यांत दोनदा 100 किलोमीटरच्या वर नेऊन आणायचं, अशी अट होती. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांच्या पैशावर रुटान यांनी मोहावीच्या वाळवंटात ‘स्पेसशिपवन’ बांधलं. माथ्यावर पोचलं की या यानाच्या पंखाचा मागचा भाग शेपटीसकट 60 अंशांहून अधिक वर दुमडतो. यालाच त्यांनी ‘पीस’ म्हटलं. बॅडमिंटनचं फूल कसंही उडवलं तरी बूड पुढे करूनच खाली येतं, तसं हे यान हवेत शिरताना आपोआप पोटावर येतं. उंचावरच्या विरळ हवेतच त्याचा वेग मोडतो, त्यामुळे ते फारसं तापत नाही. दाट हवेत आल्यावर पीस मिटतं आणि यान तरंगत धावपट्टी गाठतं. 29 सप्टेंबर आणि 4 ऑक्टोबर 2004 रोजीच्या उड्डाणांनी बक्षीस जिंकलं. दुसऱ्या वेळी ब्रायन बिनी यांनी 112 किलोमीटर गाठून वॉकर यांचा 41 वर्षांचा विक्रमही मोडला.

पण पीस अवेळी उघडलं तर घात होतो. पुढच्या ‘स्पेसशिपटू’मध्ये पिसाचं कुलूप ध्वनीच्या 1.4 पट वेग गाठल्यावर, इंजिन चालू असतानाच काढायचं ठरलं होतं. कुलूप अडकलंच तर फार वर जाण्याआधी माघार घेता यावी, हा त्यामागचा विचार. ध्वनिवेगाच्या आसपास मात्र हवा शेपटीला वर ढकलते. 31 ऑक्टोबर 2014 रोजी सहवैमानिक मायकेल अल्सबरी यांनी ध्वनिवेग गाठण्याआधीच कुलूप काढलं. पीस आपोआप उघडलं, यान हवेतच फुटलं आणि अल्सबरी गेले. एका माणसाच्या एका चुकीने सगळं संपू शकतं, याची तजवीज आराखडा करणाऱ्यांनी केली नव्हती, असं तपासात निघालं. मला हा निष्कर्ष न्याय्य वाटतो. पुढच्या यानात कुलूप अवेळी निघूच नये अशी सोय झाली आणि 2023 पासून तिकीट काढलेले प्रवासी त्यातून जाऊन आले.

या पिसाची मर्यादाही ओळखायला हवी. स्पेसशिपवनचा कमाल वेग ताशी साडेतीन हजार किलोमीटर होता. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग ताशी 28 हजार, म्हणजे आठपट. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून परतताना दर किलोमागे 64 पट ऊर्जा जिरवावी लागते. तिथे बिजागरीची मात्रा चालत नाही. नासाचं शटल आणि सोव्हिएत संघाचं बुरान उष्णतारोधक फरशा लावून उतरले. आपल्या इस्रोच्या ‘पुष्पक’नेही तीच वाट धरली आहे. 2023 आणि 2024 मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलेलं पुष्पक तीनदा आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. कक्षेतून परतण्याची परीक्षा अजून व्हायची आहे.