फरसबंदी, अंगणातील
घराचे अंगण, वाड्याचा चौक किंवा ओट्यापुढील मोकळी जागा यांवर दगडी लाद्या सांधून तयार केलेला पृष्ठभाग. घरातील फरशीस केवळ वापरामुळे होणारी झीज सोसावी लागते. अंगणातील फरसबंदीस तीबरोबर ऊन, पाऊस व खालील मातीचे आकुंचन-प्रसरणही सोसावे लागते. म्हणून येथे दगडाची निवड आणि त्याखालील बैठक यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

रोमन लोकांनी इ. स. पू. ३१२ मध्ये बांधावयास घेतलेल्या ॲपियन मार्गावर पुढे बेसाल्टाच्या बहुकोनी चिपा बसविल्या. महाराष्ट्रातही बेसाल्ट विपुल आहे; परंतु तो पातळ थरांत फुटत नाही. प्रत्येक चीप पाथरवटास छिन्नी-हातोड्याने घडवावी लागते. साहजिकच घडीव काळ्या दगडाची फरसबंदी मुख्यतः देवालयांची प्रांगणे, नद्यांचे घाट आणि सरदार-सावकारांचे वाडे यांत आढळते. सामान्यांचे अंगण शेणाने सारविलेल्या मातीचेच असे. कोकण व गोव्यात जांभा सुलभ. खाणीतून काढताना तो मऊ असतो व उघड्यावर कठीण होतो, पण सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात त्यावर शेवाळ लवकर धरते.

ही परिस्थिती बदलली ती शहाबादी फरशीमुळे. शहाबाद हे गाव आजच्या कर्नाटकातील गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) जिल्ह्यात असून पूर्वी ते निजामाच्या राज्यात होते. भीमेच्या खोऱ्यातील येथील करडा चुनखडक जवळजवळ आडव्या, पातळ थरांत साचलेला आहे. पहारीने व पाचरीने थर सुटा केला की लादी तयार होते. पाथरवटाचे निम्मे काम निसर्गानेच केलेले असते. मात्र दगड अवजड असल्याने दूरवरची वाहतूक बैलगाडीने परवडणारी नव्हती. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासच्या लोहमार्गास मिळाला आणि त्यावरील शहाबादचा दगड सोलापूर, पुणे व मुंबईच्या बाजारांस जोडला गेला. हळूहळू मध्यमवर्गीयांच्या घरांत, चाळींत व पदपथांवर ही फरशी रुळली. इतकी, की अन्य ठिकाणच्या तशाच लादीलाही लोक ‘शहाबादी’च म्हणू लागले. तेलंगणातील तांडूर व राजस्थानातील कोटा येथील फरश्याही चुनखडकाच्याच होत.

चुनखडकातील कॅल्साइटाची कठिनता मोस मापश्रेणीवर ३, तर वालुकाश्मातील क्वॉर्ट्‌झाची ७ असते. त्यामुळे चुनखडक घासला जाऊन गुळगुळीत होतो आणि चिंच, लिंबू यांच्या अम्लाने त्यावर डाग पडतात. घोटून चकचकीत केलेली लादी दुकानात मोहक दिसते. अंगणात ती पहिल्याच पावसात घसरडी ठरते. उघड्यावर खडबडीत, नैसर्गिक पृष्ठाचीच लादी घ्यावी.

फरसबंदी बिघडते ती बहुधा दगडामुळे नव्हे, तर बैठकीमुळे. विशेषतः काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. ती काढून मुरूम व खडी भरून धुम्मसाने चोपावी लागते. घरापासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला सु. १५ मिमी. उतार दोरीने व पाणसळीने निश्चित करतात. नैसर्गिक थरांच्या लाद्यांची जाडी सारखी नसते. म्हणून त्या आधी निवडून, कोरड्या मांडून पाहतात. मग लादीच्या संपूर्ण तळाखाली मसाला पसरतात. पूर्वी हा मसाला घाणीत मळलेल्या चुन्याचा असे, पुढे सिमेंटाचा आला. केवळ चार कोपऱ्यांवर टेकलेली लादी ठोकल्यास पोकळ वाजते व वजनाखाली तडकते. शेवटी दरजा भरतात. त्या सिमेंटाने पक्क्या केल्या, की पाणी जमिनीत मुरत नाही. वाळूच्या बैठकीवर, मोकळ्या दरजांनी बसविलेल्या फरसबंदीतून काही पाणी झिरपते. अंगणात झाड किंवा विहीर असल्यास ही जुनी पद्धत अधिक इष्ट होय, जरी दरजांतील गवत वरचेवर उपटावे लागले.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून राजस्थानातील वालुकाश्माच्या लाद्या ब्रिटनमधील घरांच्या अंगणांसाठी मोठ्या प्रमाणावर निर्यात होऊ लागल्या. हा दगड फोडताना व कापताना उडणाऱ्या सिलिकायुक्त धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये अशा रोग्यांच्या साहाय्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. दगड ओला ठेवून कापल्यास धूळ पुष्कळ कमी होते.