पावलांचा माग व गांवचा राखणदार

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा मुलूख १८१८ सालीं पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला. पुढील वर्षीं एल्फिन्स्टननें त्या मुलुखाची जी हकीकत सरकारास सादर केली, तींत गांवच्या राखणदाराचें नित्याचें काम नोंदलेलें आहे. तराळ, रामोशी किंवा भिल्ल हे तें करीत. रात्रीं गस्त घालावी, आल्यागेल्याची माहिती ठेवावी, प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असावें, आणि चोरी झाल्यास पावलांवरून माग काढावा. माग शेजारच्या शिवेंत नेऊन तेथील राखणदाराची खात्री पटविली, म्हणजे हा मोकळा होई. एरवीं भरपाई प्रथम त्यानें ऐपतीप्रमाणें करावयाची. बाकी सर्व गांवावर बसे.

हें तत्त्व पेशवाईहून फार जुनें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत, पाऊल बाहेर गेल्याचें न दिसल्यास दोष ग्रामाधिपतीचा, व पाऊल जेथें जाईल त्या गांवानें भरून द्यावें, असें सांगितलें आहे. 'माग' हा शब्दही संस्कृत 'मार्ग' यापासूनच आला. भेद एवढाच कीं, स्मृतीनें अधिपतीवर व गांवावर ठेवलेला भार व्यवहारांत आधीं गरीब चाकरावर आला.

म्हणून शिवेच्या तंट्याचे कागद वाचतांना केवळ जमिनीचाच विचार पुरेसा नाहीं. चोराचें पाऊल कोणत्या शिवेंत थांबलें, यावर एका कुटुंबाची भाकर अवलंबून असे. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनें नाहींशीं झालीं. संग्राहकांनीं राखणदारांच्या हक्कांच्या याद्या क्षुल्लक मानून टाकूं नयेत, ही विनंती.