उजनी जलाशय : शेवाळ व जलगुणवत्ता – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

टेंभुर्णीनजीक भीमा नदीवर १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि दुष्काळी सोलापूर जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासास नवे वळण मिळाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या यशवंतसागराने ऊस, साखर कारखानदारी व मत्स्यव्यवसायास आधार दिला. तथापि पुणे व पिंपरी-चिंचवडच्या नागरी विस्ताराबरोबर मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांद्वारे सांडपाणी जलाशयात येऊ लागले. त्यातील नत्र व स्फुरद यांवर शेवाळ फोफावते. मृत शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात. घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातही नत्र व स्फुरद साचल्यानेच शेवाळ माजते. मात्र तेथे पाणी बदलता येते, जलाशयाचे बदलता येत नाही. म्हणूनच सोलापूरकरांच्या पिण्याच्या पाण्याची शुद्धता ही पुणे परिसरातील सांडपाणी प्रक्रियेवर अवलंबून आहे, असा निष्कर्ष निघतो.