सोसेकी सरांचा राजीनामा

मे १९०७. तोक्योच्या 'आसाही शिंबुन' या वर्तमानपत्रात नव्याने रुजू झालेल्या एका लेखकाचं निवेदन छापून आलं. हा माणूस काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत होता. देशातल्या सगळ्यात मानाच्या ठिकाणची नोकरी सोडून वर्तमानपत्रात? लोकांना तो खुळेपणाच वाटला. निवेदनात त्याने दोष दिला तो कुत्र्यांना. विद्यापीठात आपण शिकवायला लागलो की कुत्री भुंकायची. आपली व्याख्यानं वाईट झाली त्यात निम्मा वाटा त्या कुत्र्यांचा, तेव्हा विद्यार्थ्यांनी तक्रार त्यांच्याकडेच करावी, असा त्याचा सूर होता. शिवाय विद्यापीठाचा पगार वर्षाला ८०० येन. घरभाडं आणि मुलांचा खर्च त्यात भागत नाही, म्हणून आणखी दोन-तीन शाळांत धावपळ करावी लागायची. वर्तमानपत्र काढणं हा धंदा असेल तर विद्यापीठ चालवणं हाही धंदाच, असंही त्याने सुनावलं.

हा लेखक म्हणजे नात्सुमे सोसेकी. आधुनिक जपानी कादंबरीतलं बहुधा सर्वांत मोठं नाव. १९८४ पासून वीस वर्षं जपानच्या १००० येनच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला जात होता. कुत्र्यांचं कारण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. त्याची त्याआधीची चौदा वर्षं वाचल्यावर हसू जरा मावळलं.

सोसेकीला शिक्षक व्हायचं नव्हतंच. १८९३ मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन तो बाहेर पडला तेव्हा, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, साहित्य म्हणजे काय हे त्याला कळलेलं नव्हतं. वर्गात कविता मोठ्याने वाचायच्या, उच्चार चुकला की बोलणी खायची, परीक्षेत वर्ड्‌सवर्थच्या जन्ममृत्यूची सालं लिहायची. एवढ्या शिदोरीवर तो मास्तर झाला. पहिली चांगली नोकरी शिक्षकांना घडवणाऱ्या एका उच्च महाविद्यालयात मिळाली. तिथले प्राचार्य होते कानो जिगोरो, ज्यूदोचे जनक. शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून उभं राहावं, असं ते म्हणाले. सोसेकीने सरळ सांगितलं, मला ते जमणार नाही. इतक्या प्रामाणिकपणे नकार देतोस म्हणून तूच हवास, असं म्हणत कानोंनी त्याला ठेवून घेतलं. अशा कौतुकातून सुटका नसते.

१८९५ मध्ये तो अचानक तोक्यो सोडून शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा या गावी शाळामास्तर म्हणून गेला. पगार महिना ८० येन. मुख्याध्यापकांना ६० येन! हा घोळ का? तर त्या जागेवर आधी एक अमेरिकन शिक्षक होता. जागा गोऱ्या साहेबाची, म्हणून पगारही साहेबी. अठ्ठावीस वर्षांच्या पोराला मुख्याध्यापकांपेक्षा वीस येन जास्त मिळतात, हे शिक्षकांच्या खोलीत कोण विसरणार?

या गावाने त्याला 'बोच्चान' ही कादंबरी दिली (१९०६). तिचा नायक गणित शिकवतो, पण वर्गाचं आणि गावाचं वर्णन एखाद्या मास्तरानेच करावं तसं आहे. नायक संध्याकाळी चार वाट्या तेंपुरा नूडल्स खातो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याला नवं नाव पडलेलं असतं. दोन बशा गोड गोळे खाल्ले, तेही फळ्यावर. लहान गावातल्या शाळेत नोकरी केलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. सर कुठे जातात, काय खातात, कुणाशी बोलतात, हे वर्गाआधी गावाला कळतं. शाळा सुटते, पण मास्तरपण काही सुटत नाही. (गंमत म्हणजे आज मात्सुयामात बोच्चानच्या नावाची आगगाडी आहे, मिठाई आहे, बेसबॉलचं मैदान आहे.)

वर्षभराने तो क्यूशू बेटावर कुमामोतोला गेला. तिथल्या पाचव्या उच्च विद्यालयात त्याच्या काही वर्षं आधी लाफ्कादिओ हर्न हा साहेब इंग्रजी शिकवून गेला होता. हे नाव लक्षात ठेवा.

१९०० मध्ये सरकारने सोसेकीला दोन वर्षांसाठी लंडनला पाठवलं. हुकमात अभ्यासाचा विषय होता इंग्रजी भाषा. साहित्य नाही. विद्यावेतन वर्षाला १८०० येन. लंडनच्या महागाईत ते पुरेना. पुस्तकांवर पैसे घालवायचे आणि दुपारी बिस्किटांवर भागवायचं, असं चाललं. विद्यापीठातले तास त्याने लवकरच सोडले आणि शेक्सपिअरचे अभ्यासक क्रेग यांच्याकडे खासगी शिकवणी लावली. दोन वर्षांत पाच बिऱ्हाडं बदलली. शेवटी खोलीत कोंडून घेऊन वाचत, बारीक अक्षरात टिपणं काढत बसला. मायदेशी खबर गेली की नात्सुमेला वेड लागलं. जरा मोकळं वाटावं म्हणून घरमालकिणीने त्याला सायकल शिकायला लावली. तो पडला, धडपडला आणि त्यावरही त्याने एक विनोदी लेख लिहिला.

ही दोन वर्षं आयुष्यातली सगळ्यात वाईट होती, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. त्याचं दुखणं माझ्या मते एकटेपणापेक्षा खोल होतं. जी भाषा शिकवून आपण पोट भरतो, ती रस्त्यावरच्या फेरीवाल्याला आपल्यापेक्षा चांगली येते, हे त्याला तिथे रोज दिसत होतं. इतिहासाच्या मास्तराचं एखादं साल चुकलं तर ते पुस्तकात बघून दुरुस्त होतं. परभाषेच्या मास्तराचं तसं नाही. तो ज्या भाषेबद्दल बोलतो त्याच भाषेत बोलतो, त्यामुळे प्रत्येक वाक्य ही त्याची तोंडी परीक्षा. या भीतीचा अभ्यास व्हायला फार वेळ लागला. परभाषेच्या तासाला विद्यार्थी घाबरतो, हे मोजण्याची प्रश्नावली अमेरिकेत एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडली. शिक्षकही घाबरतो, यावर हॉर्विट्झ यांचा लेख आला १९९६ मध्ये. तोवर मास्तरांनी घाबरायचं, पण बोलायचं नाही, अशीच रीत होती. सरांचा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सारखाच ऐकू येतो म्हणून मागच्या बाकावर खुसखुसणाऱ्यांत मीही होतो. सरांना ते ऐकू जात असेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

१९०३ च्या जानेवारीत सोसेकी परतला आणि एप्रिलमध्ये शाही विद्यापीठात उभा राहिला. कुणाच्या जागी? हर्नच्या. विद्यार्थ्यांचा लाडका हर्न जाऊ नये म्हणून तिथे चळवळ झाली होती. सोसेकीने 'सायलस मार्नर' ही कादंबरी मोठ्याने वाचायला लावून उच्चार सुधारायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याला शाळकरी पोरं समजतात काय, म्हणून ते आणखी बिथरले. त्याच वेळी तो पहिल्या उच्च विद्यालयातही शिकवत होता. तिथे फुजिमुरा मिसाओ नावाच्या मुलाला तयारी करून न आल्याबद्दल तो रागावला. थोड्याच दिवसांत, मे महिन्यात, त्या सोळा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. मुलाने मागे ठेवलेल्या मजकुरात शाळेचा विषय नव्हता, विश्वाचं कोडं सुटत नाही अशी भाषा होती. पण रागावलेल्या मास्तराला हे सांगून काय उपयोग? त्या उन्हाळ्यात सोसेकीची प्रकृती इतकी बिघडली की बायको मुलांना घेऊन दोन महिने माहेरी राहिली.

पुढे शेक्सपिअरच्या व्याख्यानांना गर्दी होऊ लागली, हेही सांगायला हवं. तरी सुटकेची वाट निघाली ती वर्गाबाहेर. जानेवारी १९०५ मध्ये 'मी एक मांजर आहे' ची सुरुवात एका मासिकात छापून आली. त्यात एका चिडक्या, पोट बिघडलेल्या इंग्रजीच्या मास्तराकडे घरातलं मांजर तटस्थपणे बघत असतं. लोक मला मज्जातंतूंचा रोगी आणि वेडा म्हणतात, पण त्यामुळेच मला हे लिहिता आलं, तेव्हा या आजाराचे आभारच मानले पाहिजेत, असं सोसेकीने पुढे लिहिलं. हे वाक्य कुणी प्रेरणादायी सुविचार म्हणून स्टेटसला ठेवू नये. ते दात-ओठ खाऊन लिहिलेलं आहे.

१९१४ मध्ये एका व्याख्यानात त्याने विद्यार्थ्यांना आपली जुनी अवस्था सांगितली: पोत्यात कोंडल्यासारखं वाटायचं, हातात एक टोचा असता तर कुठेतरी फाडून बाहेर आलो असतो. तो टोचा त्याला लंडनच्या खोलीत सापडला. इंग्रजी कवितेबद्दल इंग्रजांचं मत आपलं म्हणून मिरवायचं नाही, जपानी वाचकाला ती जशी वाटते तसं बोलायचं, एवढाच तो विचार. मला तो आजही धाडसी वाटतो. पण विचार सापडला १९०२ च्या सुमारास आणि राजीनामा आला १९०७ मध्ये. मधली पाच वर्षं तास, तपासायचे पेपर, भाडं आणि कुत्री होतीच.

नोकरी सोडून तब्येत सुधारली असंही नाही. पोटातला व्रण चिघळत गेला, १९१० मध्ये तो मरता मरता वाचला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये, पन्नाशीच्या आत, त्याच दुखण्याने गेला. शिकवणं मात्र सुटलं नव्हतं. १९०६ पासून दर गुरुवारी दुपारी तीननंतर त्याच्या घराचं दार उघडं असायचं. जुने विद्यार्थी यायचे, त्यांच्यासोबत नवे लिहिते तरुणही. कुमामोतोत सरांना 'हायकू म्हणजे काय हो?' असं विचारणारा तेरादा तोराहिको आता भौतिकशास्त्रज्ञ झाला होता, तोही यायचा. शेवटच्या वर्षात अकुतागावाही येऊ लागला. मंडळी जमिनीवर बसायची आणि सरांशी वाद घालायची.