तंजावरच्या भिंतीवरची मराठी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात शिरलं, की नजर आधी वर जाते. राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पूर्ण केलेलं, ६० मीटरांच्या आसपास उंचीचं ग्रॅनाइटचं विमान! पण नंतर भिंतीही वाचा बरं का.

राजराजाचे तमिळ लेख म्हणजे देवळाची खातेवहीच. कुणी किती सोनं दिलं, ४०० नर्तकींना कुठली घरं दिली, सगळं दगडात.

आणि त्याच आवारात चक्क मराठी भेटते! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या गादीवर बसलेल्या दुसऱ्या सरफोजींनी १८०३मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला.

१८०३च का? चारच वर्षं आधी, १७९९च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजांकडे उरला किल्ला आणि मान. मला वाटतं, उत्तर इथेच आहे. राजराजाकडे राज्य होतं, त्याने दानाचा हिशोब लिहिला. सरफोजींकडे ते उरलं नव्हतं. त्यांनी आपण कोण, हे लिहून ठेवलं. तेही अशा जागी, जिथे लोक येतच राहणार होते.

तर मंडळी, तंजावरला गेलात, की त्या अक्षरांपाशी जरा थांबाच.