दूरची वस्तु आणि हातची प्रत

पूर्वीं पुण्याचा सावकार काशीयात्रेस निघाला म्हणजे रोकड बरोबर नेत नसे. तो पेढीवरून हुंडी लिहून घेई. हुंडी म्हणजे पैसा नव्हे. पैसा अमुक पेढीवर आहे, कागद दाखवाल तर मिळेल, एवढेंच तिचें सांगणें. वाटेंत ओझें नाहीं, चोराचें भय कमी, ही सोय मोठी. परंतु काशीची पेढी बुडाली तर हातांत उरे तो कागद. आज मला संगणकावरील पुस्तकजुळणीच्या व आराखड्यांच्या एका गोष्टीचा इतिहास सांगावयाचा आहे. विषय नवा असला तरी व्यवहार या हुंडीचाच आहे.

पुस्तकाचीं पानें जुळविणारे किंवा इमारतीचे आराखडे काढणारे जे प्रोग्रॅम आहेत, ते बाहेरचें चित्र आपल्या पानांत दोन रीतींनीं घेतात. एक रीति अशी कीं, चित्राची संपूर्ण प्रत पानाच्या फाइलींतच भरावयाची. दुसरी अशी कीं, चित्र आहे तेथेंच ठेवून त्याच्याशीं दुवा जोडावयाचा. दुवा जोडला असतां पानावर चित्र दिसतें खरें. पण पानांच्या फाइलींत असतो त्या चित्राचा पत्ता, तें शेवटीं केव्हां बदललें याची नोंद, आणि आपल्या डोळ्यांच्या समाधानापुरती एक लहानशी, कमी बारकाव्याची प्रतिमा. ही प्रतिमा पडद्यावर इतकी ठाकठीक दिसते कीं, अस्सल चित्र समोर नाहीं हें जाणत्या माणसासहि पुष्कळदां उमगत नाहीं.

या कल्पनेचें मूळ १९६३ सालापर्यंत मागें नेतां येतें. त्या सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत आयव्हन सदरलंड नांवाच्या तरुणानें आपल्या प्रबंधासाठीं ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम रचला. लिंकन प्रयोगशाळेंतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनें त्यांत रेषा काढतां येत. एक मूळ आकृति काढावी, तिचीं अनेक रूपें चित्रांत ठिकठिकाणीं मांडावीं, आणि मुळांत फेरफार केला कीं तीं सारीं रूपें आपोआप बदलावीं, अशी त्याची करामत होती. वस्तु एकदांच ठेवावी आणि तिच्याकडे अनेक ठिकाणांहून बोट दाखवावें, हा विचार येथें स्पष्ट दिसतो. मात्र हा सारा खेळ एकाच यंत्राच्या पोटांत चालत असे. परगांवच्या पेढीचा प्रश्न अद्याप आला नव्हता.

तो आला छापखान्याच्या वाटेनें. १९८५ सालीं अल्डस कंपनीचा ‘पेजमेकर’ निघाला आणि घरगुती संगणकावर पानें जुळवितां येऊं लागलीं. (व्हेनिसचा जुना मुद्रक अल्डस मॅन्युशियस याचें नांव या कंपनीनें घेतलें होतें. छापखान्याची पूर्वपरंपरा तिनें मानिली, हें मला आवडतें.) लौकरच रंगीत छायाचित्रें पानांत घेण्याची हांव सुटली. आतां एक साधा हिशेब पहा. ए-४ आकाराचें पानभर चित्र दर इंचास ३०० ठिपके या मानानें चार रंगांत सांठविलें, तर तें सुमारें ३५ मेगाबाइट भरतें. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाची फ्लॉपी होती ४०० किलोबाइटांची. म्हणजे असें एक चित्र ठेवावयास ऐंशींहून अधिक फ्लॉप्या लागल्या असत्या! चित्र पानांत भरण्याचा मार्ग असा व्यवहारानेंच बंद केला. तेव्हां अल्डस कंपनीनें ‘ओपन प्रीप्रेस इंटरफेस’ नांवाची पद्धति काढली. चित्र स्कॅन करणाऱ्या व्यावसायिकानें मोठें चित्र आपल्याच कोठारांत ठेवावें, जुळणी करणाऱ्यास त्याची हलकी प्रतिमा द्यावी, आणि छपाईच्या क्षणीं प्रतिमेच्या जागीं अस्सल चित्र बसवावें. ही शुद्ध हुंडीच होय.

आराखडे काढणारांची गरज निराळी होती. एका इमारतीवर वास्तुशिल्पी, लोखंडकामाचा हिशेब करणारा, नळ व विजेचें काम पाहणारा, असे अनेक हात चालतात. प्रत्येकानें मूळ नकाशाची स्वतंत्र नक्कल घेतली, तर खांब एकाच्या कागदावर हलतो, दुसऱ्याच्या कागदावर जागींच राहतो. ऑटोकॅडच्या अकराव्या आवृत्तींत, १९९० सालीं, बाह्यसंदर्भाची सोय झाली. मूळ नकाशा एकच. इतरांच्या आराखड्यांत त्याचा केवळ पत्ता. फाइल उघडली कीं त्या वेळचा ताजा नकाशा ओढून घ्यावयाचा. येथें दुव्याचें कारण जागेची काटकसर हें नसून एकवाक्यता हें आहे, आणि माझ्या मतें हेंच कारण अधिक थोर.

पण दूरच्या यंत्रावरून मोठी फाइल वारंवार आणणें म्हणजे वेळ जाणें. म्हणून एक प्रत जवळ ठेवावी असें वाटणें स्वाभाविक होतें. ही युक्ति संगणकाच्या कारागिरांस आधींच ठाऊक होती. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ सालीं, मोठ्या पण मंद स्मृतीजवळ एक लहान व चपळ स्मृति ठेवून तींत हाताशीं लागणाऱ्या गोष्टींच्या प्रती ठेवाव्या, असें मांडलें. १९६८ मध्यें आयबीएम कंपनीनें जाहीर केलेल्या ३६०/८५ या यंत्रांत ही रचना आली व तिला ‘कॅश’ हें नांव मिळालें. हा शब्द लपविणें या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून निघालेला. कानाला तो रोकडीच्या कॅशसारखा लागतो, आणि हुंडीच्या माझ्या दृष्टांतास योगायोगानें बरा जुळतो.

प्रत जवळ ठेवली कीं खरी अडचण सुरू होते. मूळ वस्तु तिकडे बदलली, हें इकडच्या प्रतीस कोणीं सांगावें? या प्रश्नाचा सर्वांत बोधक इतिहास पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठांत घडला. विद्यापीठानें आयबीएमच्या साहाय्यानें १९८३ च्या सुमारास ‘अँड्र्यू’ नांवाचा प्रकल्प हातीं घेतला. अँड्र्यू कार्नेगी व अँड्र्यू मेलन या दोघांचें तें समान नांव. तेथील फाइलव्यवस्थेंत संपूर्ण फाइल आपल्या यंत्राच्या डिस्कवर उतरवून घेत. पहिल्या नमुन्यांत फाइल उघडण्याच्या प्रत्येक वेळीं आपलें यंत्र मुख्य यंत्रास विचारी, “माझी प्रत अद्याप चालेल ना?” बहुतेक वेळां उत्तर “चालेल” असेंच येई, परंतु या विचारणांनींच मुख्य यंत्र मेटाकुटीस येई. वर्गांत चाळीस मुलें दर मिनिटास “गुरुजी, घंटा झाली का?” असें विचारूं लागलीं म्हणजे काय होतें, हें मीं तीस वर्षें अनुभवलें आहे. पुढच्या आवृत्तींत त्यांनीं व्यवहार उलटा केला. मुख्य यंत्रानें वचन द्यावें: “तुम्हीं विचारूं नका, बदल झाला तर मीच वर्दी देईन.” याचें सविस्तर वर्णन १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. उपाय उत्तमच होता. तथापि वर्दी पोंचविणारी तार तुटली तर वचन पाळणार कसें, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पुढें जागतिक जाळ्याच्या नियमांत, एचटीटीपीच्या १९९६ च्या मसुद्यांत, विचारण्याचीच रीति पण थोडी शहाणपणाची करून घेतली: “अमुक वेळेनंतर बदललें असेल तरच पाठवा.” डिझाइनच्या प्रोग्रॅमांनीं याच दोन रीतींच्या मधला मार्ग धरला आहे. ऑटोकॅड सांगितल्यास संदर्भ-नकाशाची तात्पुरती प्रत आपल्या डिस्कवर काढून ती वाचतो, त्यामुळें मूळ फाइल दुसऱ्यास दुरुस्त करावयास मोकळी राहते. १९९९ सालीं निघालेला ‘इनडिझाइन’ दुव्यांची यादीच दाखवितो. तींत मूळ चित्र बदललें असेल तर पिवळा त्रिकोण आणि तें जाग्यावर सांपडत नसेल तर लाल खूण दिसते. फाइल हलविली, फोल्डरचें नांव बदललें, किंवा ड्राइव्हचें अक्षर निराळें झालें, तरी पत्ता चुकतो. म्हणून छापखान्याकडे जातांना सारीं जोडलेलीं चित्रें एकत्र गोळा करण्याची आज्ञा त्या प्रोग्रॅमांत दिलेली आहे. २०१७ पासून तर विंडोजच्या वनड्राइव्हमध्यें फाइलीचें नांव आपल्या यंत्रावर दिसावें आणि वस्तु मात्र उघडल्यावरच दुरून यावी, अशीहि सोय झाली. इनडिझाइनसारख्यांच्या त्या लाल खुणेविषयीं मला कांहीं सांगावयाचें आहे.

२०११ सालीं आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. स्मरणिकेचें काम माझ्याकडे होतें. पहिल्या तुकडीचें एक सामुदायिक छायाचित्र कोणी आणून दिलें; आम्हीं तें कचेरीच्या संगणकावर स्कॅन करून घेऊन परत केलें. पानें एका माजी विद्यार्थ्यानें जुळविलीं. छापखान्यांत पेन ड्राइव्ह गेला त्यांत बाकीचीं चित्रें होतीं. हें एकच चित्र कचेरींतल्या यंत्राशीं जोडलेलें राहून गेलें होतें. पडद्यावर लाल खूण आली. चालकानें मला विचारलें. चित्र तर पडद्यावर दिसत होतें, समारंभ चार दिवसांवर आला होता, मीं म्हटलें, “छापा.” छापून आली ती अंधुक प्रतिमा. चाळीस मुलांच्या जागीं चाळीस डाग.

समारंभाच्या दिवशीं एक वृद्ध बाई स्मरणिका घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचे वडील बंधु त्या तुकडींत होते. ते तरुणपणींच वारले. त्यांचें दुसरें छायाचित्र घरांत नव्हतें. “गुरुजी, यांत आमचा दादा कोणता?” असें त्यांनीं विचारलें. मला सांगतां आलें नाहीं. आठवड्यानें मीं कचेरींत मूळ स्कॅन शोधावयास गेलों, तों त्या यंत्राची डिस्क बिघडून बदलली गेली होती. ज्या गृहस्थांनीं छायाचित्र आणून दिलें होतें, ते गांव सोडून गेले होते. तेव्हांपासून त्या वेळच्या विद्यार्थ्यांच्या घरीं जाणें झालें कीं मी जुने आल्बम पहावयास मागतों. दोन ठिकाणीं तसेंच छायाचित्र मिळालें, पण तीं दोन्हीं पुढच्या वर्षांचीं निघालीं.