हलालचा शिक्का आणि कोंबडीचे आयुष्य

2025 च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला. आधार दिला 1988 च्या जुन्या ठरावाचा. मग मोठा गदारोळ झाला. लोकांनी काय खावे हे पालिकेने ठरवू नये, असे विरोधक म्हणाले. सरकारात असलेल्या अजित पवारांनीही अशी बंदी योग्य नसल्याचे सांगितले. मीही त्या वादात हिरिरीने बोललो आणि आजही माझे मत तेच आहे.

पण नंतर एक गोष्ट खटकत राहिली. 2023 च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्राच्या मालावर बंदी आणली. 2025 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली. कोणी कापले, कसे कापले, कोणत्या दिवशी विकले, यावर आपण घसा कोरडा करतो. कापण्याआधी तो जीव कसा जगला, हे मात्र ना त्यांनी विचारले, ना आम्ही.

आमच्या परंपरेत हा प्रश्न विचारणारा एक अधिकारी होता. त्याला मुहतसिब म्हणत. बाजारातली वजने-मापे तपासणे, दुधात पाणी घालणाऱ्याला पकडणे हे त्याचे काम. बाराव्या शतकात शामच्या मुलुखात शैझरी नावाच्या लेखकाने मुहतसिबांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात कसायांविषयी सूचना आहेत: बकऱ्याला पाय धरून फरफटत नेऊ नये, बोथट सुरी वापरू नये. पुढच्या शतकात इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू 1262) यांनी जनावराचे मालकावरचे हक्कच मांडले. ते म्हातारे किंवा आजारी झाले तरी त्याला खायला घालावे, झेपेल तेवढेच ओझे लादावे, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे पिल्लू कापू नये. कुरआनात अन्नाबद्दल ‘हलाल’च्या जोडीला ‘तय्यब’ हा शब्द येतो, म्हणजे चांगले, शुद्ध. आम्ही पहिला शब्द शिक्क्यावर कोरला आणि दुसरा विसरलो.

लहानपणी अब्बांबरोबर कल्याणात खाटकाकडे जायचो. दुकानामागे बकरे बांधलेले असत. अब्बा त्यांचे डोळे बघत, पाठीवर हात फिरवत आणि मग बोलत. गिऱ्हाइकाची नजर हीच तेव्हाची तपासणी. त्या काळाची आरती मात्र मला ओवाळायची नाही. त्याच गल्लीत कोंबड्यांचे पाय बांधून त्या सायकलच्या हँडलला उलट्या टांगून नेत. आम्ही ते रोज पाहायचो आणि गप्प बसायचो.

1971 मध्ये मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला. त्याच वर्षी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू झाली. पुढे पुण्यातून तिने देशातला कुक्कुटपालनाचा व्यवसाय बदलून टाकला. कत्तल वस्तीपासून दूर गेली आणि कोंबडी अंगणातून शेडमध्ये. आजचा ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातो. बऱ्याच ठिकाणी पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे असते; शेतकरी शेड आणि मेहनत देतो, त्याला किलोमागे मजुरी मिळते. शेडमध्ये किती पक्षी कोंबायचे यात कंपनीचा शब्द मोठा असतो, पण पाकीट घेणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या या शेड शहराला दिसल्या त्या 2022 च्या फेब्रुवारीत. शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला आणि सुमारे 25 हजार पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले. पंधरा दिवस आम्ही चिकन सोडले, मग विसरलो.

अंड्यांचेही तेच. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या हालांवर विधी आयोगाने 2017 मध्ये 269 वा अहवाल दिला. 2023 मध्ये केंद्राने नियम केले: एका कोंबडीला किमान 550 चौरस सेंटिमीटर. आपल्या झेरॉक्सचा ए-फोर कागद सुमारे 624 चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे सुधारणेनंतरही कोंबडीच्या वाट्याला एक कागदसुद्धा पुरता येत नाही.

युरोपात 2004 पासून अंड्यावरच आकडा छापतात. 0 म्हणजे सेंद्रिय, 1 मोकळ्यावर, 2 बंद शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, 3 पिंजऱ्यात. गिऱ्हाईक टरफल बघून ठरवते. 2012 पासून एक आंतरराष्ट्रीय मूल्यमापन मोठ्या खाद्यकंपन्यांना प्रश्न विचारते: जनावरांबाबत तुमचे धोरण काय, जबाबदार कोण, किती माल पिंजऱ्यातला? कंपनीने स्वतः जे जाहीर केले त्यावरच गुण मिळतात. आपल्याकडे सेबीने मोठ्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पाणी, वीज, कचरा, कामगार यांचा हिशेब देणे बंधनकारक केले आहे. त्या नमुन्यात कोंबडीसाठी वेगळा रकाना नाही.

मागच्या महिन्यात डोंबिवलीतल्या एका मोठ्या दुकानात मी काउंटरवर विचारले, “हा पक्षी कुठल्या शेडमधला?” पोऱ्या माझ्या दाढीकडे बघून हसला. “टेन्शन नको चाचा, हलाल आहे.” पाकिटावर तारीख होती, कंपनीचा पत्ता होता, परवाना क्रमांक होता. माझ्या प्रश्नाचे उत्तर तेवढे नव्हते. पोऱ्याचा दोष नाही. त्यालाही कोणी सांगितलेले नाही.

पुढच्या 15 ऑगस्टला दुकान उघडे राहावे म्हणून पुन्हा भांडावे लागले तर मी भांडेन. पण उघड्या दुकानाबरोबर उघडी वहीही मागेन: शेड कुठली, पक्ष्याला जागा किती, गाडीत किती तास, सुरी चालवण्याआधी काय झाले. हलालचा शिक्का देणाऱ्या आमच्या संस्थांनाही हेच विचारणार आहे, आणि त्यांना आधी. ‘तय्यब’ कुठे गेले, याचे उत्तर दुसऱ्या कोणाकडे मागण्याआधी ते आम्हीच द्यायला हवे.